हरणाऱ्या संघाचे वकीलपत्र

साखळी स्पर्धेचा हंगाम उतरणीला लागला आणि आपला संघ गुणतक्त्याच्या मध्यावर रेंगाळू लागला, की फुटबॉलप्रेमी प्रदेशांत सर्वत्र एकच वाद सुरू होतो. ‘अजून गणित शिल्लक आहे,’ असे एक पक्ष म्हणतो. ‘गणित शिल्लक असेल, संघ शिल्लक नाही,’ असे दुसरा पक्ष उत्तर देतो. आमच्या गोव्यात हा वाद बाजारात, बसथांब्यावर, देवळाच्या आवारात, चर्चच्या पायऱ्यांवर आणि, सांगावयास हरकत नाही, न्यायालयातील वकिलांच्या खोलीतही सारख्याच आवेशाने चालतो. तेथे तर प्रत्येक जण युक्तिवादात तरबेज असल्यामुळे वाद मिटण्याची शक्यता संघ जिंकण्याच्या शक्यतेहूनही कमी असते.

उदाहरणादाखल २०२३ सालचा फेब्रुवारी महिना घ्या. इंडियन सुपर लीगच्या त्या हंगामात अकरा संघ होते आणि प्रत्येकाला वीस सामने खेळावयाचे होते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पूर्वी पहिल्या चार संघांनाच बादफेरीत प्रवेश मिळत असे. त्या हंगामापासून ही संख्या सहा करण्यात आली होती. त्यामुळे मध्यावर रेंगाळणाऱ्यांच्या आशेला जणू नियमावलीचेच संरक्षण लाभले होते. एफसी गोवा हा आमचा संघ एकोणीस सामन्यांअखेर २७ गुणांवर उभा होता. विसावा सामना बंगळुरूत, सलग विजय मिळवीत आलेल्या बंगळुरू संघाशी होता. तो जिंकला तरच पुढची वाट होती. संघाने हंगामभर कधी उत्तम खेळ केला होता, कधी हातातले सामने घालविले होते. पुढे काय होईल, याविषयी पुरावा भरपूर होता आणि तो सगळा एकाच दिशेने बोट दाखवीत नव्हता, हीच खरी पंचाईत होती.

एवढ्या क्षुल्लक विषयावर तत्त्वचिंतन कशाला, असे वाचकांपैकी कोणी विचारील. विषय क्षुल्लक आहे हे मान्य. परंतु त्याच्या पोटातला प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या भवितव्याविषयी आपण काय मानावे? पुरावा सांगतो ते, की जीव सांगतो ते? आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसापुढे हाच प्रश्न असतो. अपिलात गेलेल्या अशिलापुढे आणि त्याच्या वकिलापुढेही तो असतो. कागदपत्रे पाहून झाल्यावर अशील हळूच विचारतो, ‘वकीलसाहेब, होईल ना काही?’ त्या चार शब्दांना प्रामाणिक उत्तर कसे द्यावे, हे कायद्याच्या कोणत्याही पदवीत शिकवीत नाहीत. मैदानावर ह्या प्रश्नाची किंमत रुपयांत किंवा प्राणांत मोजावी लागत नाही. म्हणूनच तेथे तो शांतपणे तपासून पाहता येतो.

प्रथम आशावाद्यांची बाजू ऐकू. त्यांचे पहिले म्हणणे असे, की जोवर गणिताने शक्य आहे तोवर निराश होणे हा अन्याय आहे. ह्या म्हणण्यात ‘शक्य’ ह्या शब्दावर जरुरीपेक्षा अधिक भार टाकलेला आहे. जे अशक्य नाही ते सगळे शक्यच असते. परंतु जे शक्य आहे ते सगळे संभवनीय नसते. दिवाणी दाव्यात न्यायाधीश संभवनीयतेचे पारडे कोठे झुकते ते पाहतो आणि फौजदारी खटल्यात वाजवी संशयाला जागा उरते का ते पाहतो. केवळ ‘असे घडू शकते’ एवढ्यावर कोणताही न्यायाधीश हुकूमनामा देत नाही. गणित शिल्लक आहे ह्याचा अर्थ एवढाच, की दावा अजून फेटाळला गेलेला नाही. तो जिंकला जाईल, असा त्याचा अर्थ होत नाही.

तेव्हा आशावादी दुसऱ्या शस्त्राकडे वळतात, आणि ते आम्हा वकिलांच्या चांगल्या परिचयाचे आहे: पूर्वीचे निवाडे. ‘२०१५ साली चेन्नईयिनचे काय झाले?’ असे ते विचारतात. गोष्ट खरी आहे. त्या वर्षी चेन्नईयिन एफसी हा संघ हंगामाच्या उत्तरार्धात गुणतक्त्याच्या तळाशी होता. त्यातच चेन्नईला महापुराने वेढले आणि त्या संघाला उपांत्य फेरीचा आपल्या घरचा सामना पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर खेळावा लागला. तरीही तो अंतिम सामन्यात पोहोचला आणि २० डिसेंबर २०१५ रोजी आमच्याच फातोर्ड्याच्या मैदानावर, आमच्याच संघाला ३–२ असे हरवून विजेता झाला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २–१ ने पुढे होता, हे आठवले की अजूनही पुष्कळांना घास कडू लागतो.

दुसरा निवाडाही त्याच संघाचा. २०१९–२० च्या हंगामात पहिल्या सहा सामन्यांत चेन्नईयिनला एकच विजय मिळाला आणि प्रशिक्षक पायउतार झाले. डिसेंबरात ओवेन कॉयल ह्या स्कॉटलंडहून आलेल्या प्रशिक्षकाने सूत्रे हाती घेतली आणि तोच संघ चौथे स्थान मिळवून बादफेरीत आला. तेथे त्याची गाठ साखळीत पहिल्या आलेल्या गोव्याशी पडली. चेन्नईत ४–१ असा पराभव झाल्यावर गोव्याने फातोर्ड्यावर ४–२ असा विजय मिळविला. पण एकूण गोलसंख्या ६–५ अशी भरली आणि आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्याची वेडी आशा आपल्याच घरात येऊन खरी ठरलेली पाहण्याचा योग गोवेकरांच्या वाट्याला असा दोनदा आला आहे. म्हणूनच ‘आता काही राहिले नाही’ असे म्हणताना आमची जीभ अडखळते.

परंतु पूर्वीचा निवाडा दाखविला म्हणजे दावा सिद्ध होत नाही. तो निवाडा प्रस्तुत प्रकरणाला लागू पडतो हे दाखवावे लागते. कॉयल आला तेव्हा अठरांपैकी बारा सामने शिल्लक होते आणि प्रशिक्षक बदलला होता. म्हणजे काळ होता आणि कारणही होते. एकच सामना उरलेला असताना, प्रशिक्षक तोच, खेळाडू तेच आणि चुकाही त्याच असताना त्या निवाड्याचा आधार घेणे म्हणजे फक्त शेवटचे पान वाचून हवाला देणे होय. शिवाय ज्यांच्या आशा फळाला आल्या त्यांचीच नावे लोकांच्या ओठांवर राहतात. ज्या संघांनी तळाशी सुरुवात केली आणि तळाशीच शेवट केला, त्यांचे पोवाडे कोणी गात नाही. स्मरणाच्या न्यायालयात एकाच पक्षाचे साक्षीदार हजर असतात, हे ओळखल्यावाचून दिलेला निकाल एकतर्फी होय.

आता निराशावाद्यांकडे पाहू. त्यांचा युक्तिवाद अधिक कठोर आणि बहुधा अधिक अचूक असतो. पण त्यांच्या अचूकपणात एक गोम आहे. ‘मी आधीच सांगितले होते’ हे वाक्य म्हणता यावे म्हणून पुष्कळ लोक आधीच सांगून ठेवतात. दुःखावर काढलेला हा विमाच म्हणावयाचा. संघ हरला तर शहाणपणाची भरपाई मिळते. जिंकला तर आनंद पदरी पडतो आणि आपले भाकीत कोणी आठवीत नाही. ह्या व्यवहारात तोटा असा नाहीच, आणि ज्या बोलण्यात बोलणाऱ्याला तोटा होऊच शकत नाही त्या बोलण्याकडे न्यायालय संशयाने पाहते. शिवाय खात्रीची चूक आशेपेक्षा कमी वेळा होते असेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, फातोर्ड्यावरच, गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीविरुद्ध २–० असा पुढे होता. त्या क्षणी कोणीही शहाणा माणूस गोव्याच्या विजयावर शिक्कामोर्तब करता. अखेरच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल केले आणि सामना ३–२ ने नेला.

हा आशा आणि खात्री यांचा वाद मैदानाबाहेर फार जुना आहे. इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचे उदाहरण आहे. जहाज जुने आणि डागडुजीला आलेले. मालकाच्या मनात शंका येते. पण तो ती दाबून टाकतो, जहाज सुखरूप जाईल असे स्वतःला पटवितो आणि उतारूंनी भरलेले जहाज समुद्रात सोडतो. क्लिफर्डचे म्हणणे असे, की मालकाची श्रद्धा कितीही मनापासून असो, पुराव्यावाचून ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज बुडाले नसते तरीही तो दोषीच ठरला असता. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १८९६ सालच्या आपल्या व्याख्यानात ह्याला उत्तर दिले. काही बाबतींत पुरावा पुरा होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच असतो, आणि काही सत्ये अशी असतात की आधी विश्वास ठेवल्यावाचून ती घडतच नाहीत. डोंगरात अडकलेल्या माणसाला दरीवरून उडी मारावयाची असेल, तर ‘मला जमेल’ ह्या विश्वासानेच त्याच्या पायांत बळ येते, असा दाखला त्याने अन्यत्र दिला आहे.

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. पण स्टँडमध्ये बसलेला पाठीराखा ह्या दोघांपैकी कोण? तो जहाजमालक नाही, कारण त्याच्या चुकीच्या श्रद्धेने कोणी बुडत नाही. तो डोंगरातला माणूसही नाही, कारण उडी त्याला मारावयाची नाही. ती अकरा खेळाडूंना मारावयाची आहे. मग त्याच्या विश्वासाने काही घडते का?

ह्या प्रश्नाचे उत्तर महामारीने, कोणी न मागता, दिले. २०२०–२१ चा इंडियन सुपर लीगचा सबंध हंगाम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान ह्या तीन ठिकाणी, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. युरोपातही २०२० साली स्पर्धा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाल्या, आणि अभ्यासकांना घरच्या मैदानाचा फायदा नेहमीपेक्षा घटलेला आढळला. म्हणजे प्रेक्षकांचा आवाज अगदीच वाया जात नाही. परंतु त्याच अभ्यासांतली एक गोष्ट वकिलाला अस्वस्थ करणारी आहे. सर्वांत स्पष्ट फरक पंचांच्या वागण्यात दिसला. गर्दी नसताना पाहुण्या संघाला दाखविल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाण कमी झाले. आपल्या गर्जनेने आपल्या खेळाडूंच्या पायांत किती बळ येते ते सांगणे कठीण; पण ती पंचाच्या कानांत शिरते हे नक्की. आपण ज्याला विश्वासाचे सामर्थ्य समजत होतो, त्यात न्यायदानावरील दडपणाचाही वाटा निघाला. आशा घडवून आणते ते सगळेच चांगले असते असे नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आशेचे दुसरे एक लाजिरवाणे अंगही ह्याच ठिकाणी नोंदविले पाहिजे. हंगामाच्या शेवटी आपला संघ मागे असला, की आपली आशा आपल्या विजयावर भागत नाही. तिला दुसऱ्यांचे पराभव लागतात. कोण कोणाशी हरला तर आपण कितव्या स्थानावर येऊ ह्याचे हिशेब मांडताना, ज्यांच्याशी आपले काडीचेही वैर नाही त्यांचे वाईट आपण मनोभावे चिंतू लागतो. ह्या परावलंबनाचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २००३–०४ च्या हंगामात लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा संघ डिसेंबरात दुसऱ्या श्रेणीच्या खालच्या भागात होता. नवा प्रशिक्षक आल्यावर तो वर चढत गेला. शेवटच्या दिवशी मात्र तो कॉव्हेंट्रीत हरला. सहावे स्थान विगनच्या हाती जाणार असे दिसत असताना वेस्ट हॅमच्या खेळाडूने अखेरच्या मिनिटाला विगनविरुद्ध बरोबरी साधली, आणि पराभूत पॅलेस बादफेरीत गेला. पुढे अंतिम सामन्यात पॅलेसची गाठ त्याच वेस्ट हॅमशी पडली आणि पॅलेसने तो १–० ने जिंकून वरच्या श्रेणीत पाऊल ठेवले. ज्याने दार उघडले त्याच्याच तोंडावर ते बंद झाले. त्या दिवशी पॅलेसच्या पाठीराख्याने कोणत्या गोष्टीचे श्रेय आपल्या निष्ठेला द्यावे? त्याची आशा खरी ठरली, पण ती दुसऱ्याच्या पायाने चालत आली होती. आशा फळणे आणि आशा योग्य असणे ह्या भिन्न गोष्टी आहेत, त्या अशा.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला आणखी एक धार आहे. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, ही गीतेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. वास्कोच्या ज्या मैदानाचा उल्लेख वर आला त्याला ज्यांचे नाव आहे, त्या लोकमान्यांनी तर ‘गीतारहस्य’ लिहून कर्मयोगाचा अर्थ महाराष्ट्राला सांगितला. मैदानावरच्या खेळाडूला ही शिकवण लागू पडते. त्याच्याकडे कर्म आहे. त्याने फळाकडे न पाहता चेंडूकडे पाहावे. पण पाठीराख्याची स्थिती अगदी उलटी आहे. त्याच्याकडे आसक्ती आहे आणि कर्म नाही. धावतो दुसरा, चुकतो दुसरा, दुखापत होते दुसऱ्याला. हा केवळ फळाची वाट पाहत बसलेला असतो. फलासक्त आणि निष्क्रिय, असा हा माणूस कोणत्या योगात बसवावा?

माझ्या मते त्याच्याकडेही कर्म आहे. फक्त ते कोठे आहे हे त्याने ओळखले पाहिजे. भाकीत करणे हे त्याचे कर्म नव्हे; ते त्याच्यापेक्षा चांगले करणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. निकाल देणे हेही त्याचे कर्म नव्हे, कारण त्याने आधीच एक बाजू घेतली आहे, आणि बाजू घेतलेल्याला न्यायासनावर बसता येत नाही. त्याचे स्थान वकिलाचे आहे. त्याने एका संघाचे वकीलपत्र घेतले आहे.

वकील अशिलासाठी उभा राहतो तेव्हा ‘हा खटला मी जिंकणारच’ अशी ग्वाही तो देत नसतो. तो एवढेच सांगत असतो, की निकाल लागेपर्यंत मी ह्या माणसाच्या बाजूने उभा आहे, आणि त्याच्यासाठी जे जे प्रामाणिकपणे म्हणता येईल ते म्हणणार आहे. त्याच्या उभे राहण्यात असत्य नसते, जरी मनातून त्याला पराभव दिसत असला तरी. आमच्या व्यवसायाच्या नियमांत ह्याविषयी दोन गोष्टी आहेत. एकदा घेतलेले काम सबळ कारणावाचून आणि पुरेशी सूचना दिल्यावाचून सोडता येत नाही. आणि निकालावर अवलंबून असणारी फी ठरविता येत नाही. हे नियम न्यायालयासाठी केले आहेत, पण पाठीराख्याच्या नीतीचे सार त्यांत आले आहे. जो जिंकला तरच माझा, असे म्हणतो त्याने निकालावर फी ठरविली आहे. जो हरू लागताच निघून जातो त्याने मध्येच वकीलपत्र सोडले आहे.

पण वकिलावर दुसरीही बंधने आहेत आणि ती आशावाद्यांनी विसरू नयेत. त्याला न्यायालयाची दिशाभूल करता येत नाही आणि अशिलाला खोटे सांगता येत नाही. ‘वकीलसाहेब, होईल ना काही?’ ह्या प्रश्नाला ‘नक्की होईल’ असे सांगणारा वकील दयाळू वाटतो. पण त्याच्या शब्दावर विसंबून अशील तडजोडीची संधी घालवितो, घरावर कर्ज काढतो आणि शेवटी दुप्पट मोडतो. ‘काही होणार नाही’ असे सांगून कागद परत करणारा वकील खरा बोलतो, पण अशिलाला एकटे टाकतो. तिसरे उत्तर अवघड आहे: ‘बहुधा होणार नाही. का, ते तुम्हाला सांगतो. पण अपील करण्याचा तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही ते चालवावयाचे ठरविले तर मी तारखेला हजर राहीन.’ ह्यात अंदाज वेगळा ठेवला आहे आणि साथ वेगळी ठेवली आहे. एकाची लबाडी दुसऱ्यात मिसळू दिलेली नाही.

मैदानाच्या वादात नेमकी हीच सरमिसळ होते. एक जण म्हणतो, ‘आपण जिंकणार नाही,’ आणि दुसरा ऐकतो, ‘मी तुमच्याबरोबर नाही.’ एक जण म्हणतो, ‘आपण जिंकणारच,’ आणि त्याला म्हणावयाचे असते, ‘मी सोडून जाणार नाही.’ दोघांनी अंदाजाची भाषा निष्ठेसाठी वापरल्यामुळे एकाला गद्दार म्हटले जाते आणि दुसऱ्याला मूर्ख. वस्तुतः अंदाज हा पुराव्याच्या हाती द्यावयाचा असतो आणि तो प्रत्येक सामन्यानंतर बदलला पाहिजे. साथ आपल्या हाती असते आणि ती बदलण्याचे कारण नसते. एखाद्या मुलाने सामन्याच्या आदल्या रात्री ‘बाबा, आपण पुढे जाणार ना?’ असे विचारले, तर त्याला ‘नक्की’ म्हणून फसवू नये आणि ‘कसले जातात’ म्हणून हिणवूही नये. ‘कठीण दिसते. पण उद्या आपण सामना बघणार आहोत, शेवटपर्यंत,’ असे सांगावे. हे उत्तर ऐकून वाढलेला मुलगा पुढे आयुष्यात खरे ऐकून घेण्यास आणि खरे कळल्यावरही जागेवर टिकण्यास शिकेल, अशी माझी समजूत आहे.

ह्या भेदाची सर्वांत जास्त गरज संघाहून व्यक्तीच्या बाबतीत असते. संघ हरू लागला की पाठीराख्यांना एक आरोपी हवा असतो. २०१५ च्या त्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला चेन्नईयिनची बरोबरी झाली ती गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या नावावर नोंदल्या गेलेल्या स्वयंगोलाने; आणि दोनच मिनिटांनी मेंडोझाने विजयाचा गोल केला. कट्टीमणी हा गोव्याचाच. अशा क्षणानंतर एखाद्याविषयी ‘संपला’ हा शब्द उच्चारणे किती सोपे असते, हे सांगावयास नको. २० मार्च २०२२ रोजी, त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर, दुसरा अंतिम सामना झाला. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यातला तो सामना १–१ असा बरोबरीत राहून पेनल्टी फटक्यांवर गेला. हैदराबादच्या गोलात कट्टीमणी उभा होता. त्याने केरळच्या तीन खेळाडूंना रोखले आणि हैदराबादने पहिल्यांदाच तो करंडक उचलला.

ही कथा आशेच्या बाजूचा पुरावा म्हणून मी येथे देत नाही. तसे केले तर वर ज्याला एकतर्फी म्हटले तोच दोष माझ्या पदरी येईल. चुका केलेल्या सगळ्याच गोलरक्षकांना सहा वर्षांनी तेच मैदान परत मिळत नाही. सांगावयाचे एवढेच, की गुणतक्ता एका दिवशी बंद होतो आणि त्याविषयी निकाल देता येतो. माणसाचा तक्ता तसा बंद होत नाही. संघ ह्या हंगामात बाहेर पडला, हे वाक्य खरे असू शकते. अमुक खेळाडू संपला, हे वाक्य त्याच्या हयातीत खरे आहे असे कळण्याचा मार्गच आपल्याकडे नसतो. ज्याचा पुरावा मिळू शकत नाही ते विधान कोणाच्या नावावर मोठ्याने ओरडणे हे क्लिफर्डच्या दृष्टीने पाप आहे आणि जेम्सच्या दृष्टीने नुकसान. कारण जो ते ऐकतो त्याला उद्या पुन्हा उडी मारावयाची असते.

आता कोणी म्हणेल, की अंदाज पुराव्याचा आणि साथ आपली, एवढे ठरले तर वादात गंमत काय उरली? वाद उरतोच, आणि अधिक चांगला उरतो. आपली मागची फळी का फुटते, शेवटच्या वीस मिनिटांत पाय का जड होतात, कोणत्या मुलाला संधी मिळावयास हवी होती, हे सगळे प्रश्न पुराव्याचे आहेत आणि त्यांवर रात्रभर भांडता येते. फक्त त्या भांडणात कोणाच्या निष्ठेची उलटतपासणी घेऊ नये. पोर्तुगीज भाषेतून आलेली ‘फोर्सा गोवा’ ही आमच्या मैदानावरची आरोळी मला ह्यासाठी आवडते. ‘फोर्सा’ म्हणजे बळ. त्यात विजयाचे भाकीत नाही, प्रतिपक्षाचे अशुभ चिंतन नाही, पंचाला धमकीही नाही. तुला बळ मिळो, एवढेच त्यात आहे. आणि तेवढे म्हणण्याचा अधिकार पिछाडीवर असतानाही राहतो.

त्या फेब्रुवारीत बंगळुरूने गोव्याला ३–१ असे हरविले. ओडिशा ३० गुणांनिशी सहावा ठरला. गोवा २७ गुणांवर सातवा. निराशावाद्यांचा अंदाज खरा निघाला आणि आशावाद्यांचे गणित संपले. पुढच्या हंगामात तोच संघ ४५ गुण मिळवून तिसरा आला, ही गोष्ट वेगळी. त्या पराभवाच्या रात्री ती कोणाला ठाऊक नव्हती आणि कोणी गृहीत धरावी अशीही नव्हती. त्या रात्री एवढेच ठाऊक होते, की हंगाम संपला आहे. आपला अंदाज बरोबर आला की चूक, हा प्रश्न त्या रात्री दोन्ही पक्षांनी विचारला असेल. त्यांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न दुसराच होता: शेवटची शिट्टी वाजेपर्यंत आपण हजर होतो का, आणि हजर असताना आपण खरे बोललो का?